बस, इतकंच?

मागच्या रविवारी आपाकडे इफ्तार होती. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. सोलापुरात आमच्या दोन घरांमध्ये रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर आहे. तरी वर्षभरात जाणं कमीच होतं. रमजानमध्ये मात्र एकदा तरी तिच्या दस्तरख्वानवर बसायचं, हा अम्मी होती तेव्हापासूनचा रिवाज. मगरिबच्या अजानला पाच मिनिटं उरली होती. माझ्या धाकट्याने समोर मांडलेल्या ताटांवरून नजर फिरवली. खजूर, कलिंगडाच्या फोडी, फोडणी दिलेले हरभरे, लिंबाचं सरबत आणि एका ताटात कांदाभजी. तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "अम्मी, बस, इतकंच?"

दुल्हेभाईंनी ते ऐकलं. हसून म्हणाले, "नमाजनंतर दालचा आणि भाकरी आहे. पोटात जागा ठेव."

मला मात्र हसू आलं नाही. कारण माझ्या घरी रोज संध्याकाळी काय असतं, ते मला माहीत आहे. समोसे, चिकन रोल, दोन प्रकारची भजी, कस्टर्ड, लाल सरबत, कापलेली चार फळं. रोजा सोडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पोट भरतं. उरलेलं फ्रीजमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी कोणी खात नाही म्हणून बाहेर जातं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे घरखर्चाची नोंद ठेवायची सवय आहे. गेली काही वर्षं आमचं किराणा आणि मटण-चिकनचं सर्वांत मोठं बिल रमजानचं असतं. दिवसभर उपाशी राहण्याच्या महिन्यात खाण्याचा खर्च सर्वांत जास्त! मुस्लिमेतर मैत्रिणींना हे सांगितलं की त्या आधी चकित होतात आणि मग आपल्या उपवासाच्या दिवशीची साबुदाणा खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस आठवून हसतात. तेव्हा ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नसावी.

पण आज लिहायचं आहे ते दुल्हेभाईंबद्दल. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ते बीएसएनएलमध्ये होते. खांबावर चढून तारा जोडण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे एक्स्चेंजमध्ये बसू लागले. २०१९ च्या अखेरीस कंपनीने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी घरी गेले, त्यांत हेही होते. वय ५३. नोकरीत राहिले असते तर साठीचे होऊन अगदी आत्ता कुठे निवृत्त झाले असते.

त्या वेळी त्यांच्या ओळखीतल्या बहुतेकांनी मिळालेल्या रकमेतून काहीतरी मोठं घेतलं. कोणी गाडी, कोणी मुलाला दुकान, कोणी गावाबाहेर प्लॉट. पुष्कळांनी दुसरी नोकरी धरली. दुल्हेभाईंनी यातलं काहीच केलं नाही. घराचं राहिलेलं कर्ज फेडलं, मुलीच्या लग्नासाठी रक्कम बाजूला ठेवली आणि जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या दुरुस्त करून भाड्याने दिल्या. उरलेली रक्कम मुदत ठेवीत टाकली असती तर व्याज आलं असतं, पण व्याज त्यांना घ्यायचं नाही. हे त्यांचं मत. सगळेच मुसलमान असं वागतात असं नाही, आणि मला इथे त्या वादात शिरायचंही नाही. एवढंच सांगायचं आहे की लवकर निवृत्त होणाऱ्या साध्या माणसाला बँकेच्या व्याजाचा जो आधार असतो, तो यांनी स्वतःहून काढून टाकला होता. राहिलं पेन्शन आणि खोल्यांचं भाडं. पगाराच्या जवळजवळ निम्मं.

मग त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि आपाला घेऊन बसले. घरात काय काय आहे आणि त्यातलं काय लागतं, असे दोन रकाने. आपा अजूनही ती संध्याकाळ सांगताना कपाळाला हात लावते. "मला वाटलं, नोकरी गेल्याने डोक्यावर परिणाम झाला."

त्या यादीतून गाडी विकली गेली. डिश टीव्ही बंद झाला. एक मोठा सोफा, जो दिवाणखान्यात मावत नव्हता म्हणून सगळे त्याला अडखळायचे, तो गेला. लग्नात मिळालेले आणि कधी खोक्यातून बाहेर न आलेले तीन डिनर सेट निरनिराळ्या भाच्यांच्या लग्नात गेले. (त्यातला एक फिरत फिरत माझ्याकडे आला आहे. तो अजून खोक्यातच आहे.) नवे कपडे वर्षातून एकदा, रमजान ईदला. मोबाइल बंद पडेपर्यंत बदलायचा नाही. आणि दुरुस्त होणारी कोणतीही वस्तू फेकायची नाही.

दोन महिने व्हायच्या आत लॉकडाऊन लागला. त्या वर्षीचा रमजान एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला तेव्हा मशिदी बंद होत्या, तरावीह घरोघरी झाली. विजापूर वेशीत दरवर्षी भरणारा मीना बाजार भरलाच नाही. ईदला खरेदी करू नका, ते पैसे गरजूंना द्या, अशी आवाहनं त्या वर्षी ठिकठिकाणाहून झाली होती, ती अनेकांना आठवत असतील. २५ मे २०२० ची ईद आम्ही जुन्या कपड्यांत केली. शीरखुर्म्यात चारोळ्या नव्हत्या. लोक खिडकीतून एकमेकांना सलाम करत होते. त्या दिवशी फोनवर दुल्हेभाई म्हणाले होते, "मला वाटलं होतं, मी एकटाच असा राहणार. अल्लाहने सगळ्यांनाच माझ्यासोबत बसवलं."

त्या ईदनंतर मी वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवलं होतं की या अनुभवाने आपल्या खर्चाच्या सवयी कायमच्या बदलतील. माझा अंदाज साफ चुकला. बाजार उघडला तसे आम्ही सगळे दुप्पट वेगाने परत गेलो. आता तर मीना बाजारात जायचीही गरज नाही. सहेरीला उठल्यावर, अजान व्हायला वेळ असतो तेव्हा, मुली मोबाइलवर 'ईद सेल' बघत बसतात. मीही बघते.

या महिन्यातल्या पानावर लिहायचं तर दोन शब्द सांगायला हवेत. एक 'इसराफ', म्हणजे उधळपट्टी. कुरआनने खाण्यापिण्याची मुभा देतानाच तिची मनाई केली आहे. वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी वजूला पाणी बेताने घ्या, ही हदीस आम्ही मदरशात लहानपणी ऐकली होती. दुसरा शब्द 'कनाअत'. मराठीत त्याला 'समाधान' म्हणता येईल, पण समाधान ही मनाची अवस्था झाली. कनाअत ही करायची गोष्ट आहे. जे मिळालं त्यावर हात आखडून नव्हे, मन मोकळं ठेवून थांबायचं. उर्दूत एखाद्या माणसाबद्दल 'कानेअ है' म्हणतात तेव्हा तो गरीब आहे असा अर्थ नसतो. त्याला आणखी घेता आलं असतं, असा अर्थ असतो.

आणि तिसरा शब्दही आहे, जो आमच्या वाअजमध्ये कमी ऐकू येतो: 'बुख्ल', म्हणजे कंजूषपणा. तोही तितकाच नापसंत. साधं राहून वाचवलेले पैसे कपाटातच पडून राहणार असतील, तर तो माणूस कानेअ नाही, बखील आहे. दुल्हेभाईंचं वागणं मला सुरुवातीला यातलं कुठलं, ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी त्यांना मनातून कंजूषच समजत होते.

त्याला कारण होतं आपा. साधेपणाचं कौतुक करणाऱ्या लेखांत एक गोष्ट हमखास गाळलेली असते. साधं राहण्याचं काम कोण करतं? बाहेरचं खाणं बंद म्हणजे घरी करणं आलं. तयार मसाला बंद म्हणजे कांडणं आलं. त्यांनी धुणंभांड्याची बाई बंद केली, कारण आता दोघंच आणि वेळच वेळ. पण तो वेळच वेळ त्यांच्याकडे होता, आपाकडे नव्हता. ती कधी नोकरीतच नव्हती, तर निवृत्त कशातून होणार? सहा महिन्यांत तिची कंबर धरली. एक दिवस ती माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "ते सूफी झाले आणि मी मोलकरीण झाले."

ते वाक्य मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मेहुणी असल्याने तेवढा हक्क मला आहे. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्या बाईला परत बोलावलं. पैसे वाचवायला दुसऱ्या एका बाईची रोजी आपण बंद केली होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. आणि सकाळचा चहा, भाजी आणणं, चिरणं आणि रमजानमध्ये सहेरीची सगळी तयारी त्यांनी आपल्याकडे घेतली. परवाची कांदाभजी त्यांनीच तळली होती. जरा जळकी होती, पण आपा दस्तरख्वानवर आमच्या आधी येऊन बसली होती. आमच्या घरांमध्ये अजानच्या क्षणाला बायका स्वयंपाकघरातच उभ्या असतात. एक खजूर तिथेच तोंडात टाकतात आणि पुढचं ताट बाहेर पाठवतात. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आपाचं तिथे बसलेलं असणं केवढी गोष्ट आहे, ते कळेल.

आता माझ्या विषयाकडे येते. माझे काही विद्यार्थी लवकर निवृत्तीची गणितं करतात. चाळिशीत नोकरी सोडायची, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम साठवायची, दरवर्षी त्यातले चार टक्के काढायचे. हे सगळं अमेरिकेतून आलं आहे. जो डॉमिंगेझ नावाचे गृहस्थ वॉल स्ट्रीटवर कामाला होते. ते ३१ व्या वर्षी निवृत्त झाले आणि विकी रॉबिन यांच्यासोबत त्यांनी १९९२ मध्ये 'युवर मनी ऑर युवर लाइफ' हे पुस्तक लिहिलं. आपण वस्तू पैशाने विकत घेत नाही, तो पैसा मिळवायला आयुष्याचे जे तास दिले त्या तासांनी विकत घेतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. चार टक्क्यांचा नियम विल्यम बेंगन या सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला, तोही अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून, तीस वर्षांची निवृत्ती धरून. तो आपल्याकडच्या महागाईला, आपल्याकडच्या दवाखान्याच्या बिलांना आणि चाळिशीत निवृत्त होऊन पन्नास वर्षं जगणाऱ्याला तसाच लागू पडेल असं धरून चालणं धोक्याचं आहे, हे मी मुलांना सांगते. पण तासांचा मुद्दा मला पटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने लाखाच्या घरातला फोन हप्त्यावर घेतला. त्याचा पगार अठरा हजार. आम्ही दोघांनी फळ्यावर हिशोब केला. त्याच्या आयुष्याचे साडेपाच महिने त्या फोनमध्ये गेले होते, तेही तो काही न खाता-पिता राहिला असता तर.

या मुलांच्या गणितात मला खटकतं ते दुसरंच. त्यात पंचवीस पट आकडा गाठेपर्यंत दुसऱ्या कोणाला काही द्यायची सोयच नाही. आमच्याकडे जकातीमुळे तसं करता येत नाही. ज्या मुस्लिमेतर वाचकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कर्ज-देणी वजा जाता ज्याच्याकडे ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड चांद्रवर्षभर असेल, त्याने त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. हा ऐच्छिक दानधर्म नाही, फर्ज आहे. बहुतेक लोक हिशोबासाठी रमजानच धरतात. आमचे अब्बा महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. पंधराव्या रोजाला ते लाल पुठ्ठ्याची वही घेऊन बसत. अम्मीच्या दागिन्यांचं वजन, पोस्टातली रक्कम, कोणाला उसने दिले, कोणाचे घेतले. आम्ही बहिणी भोवती बसून ऐकायचो. आमच्याकडे नक्की किती आहे, हे वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांना कळायचं.

या हिशोबात एक मेख आहे, ती अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला फार दिवस सतावत होती. राहतं घर, अंगावरचे कपडे, भांडी, वापरातली गाडी, फ्रीज, टीव्ही यांवर जकात नाही. म्हणजे वर्षभर मिळेल ते सगळं वस्तूंमध्ये घातलं तर जकात शून्य, आणि साधेपणाने राहून साठवलं तर अडीच टक्के जाणार. वरवर पाहता ही काटकसरीची शिक्षाच झाली! मी हे एकदा दुल्हेभाईंना विचारलं. ते काही आलिम नाहीत, पण त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, "ज्याने सगळं वस्तूंत घातलं, त्याच्याकडे द्यायला उरलंय काय? त्याला काय मागणार? ज्याच्याकडे उरलंय त्यालाच मागता येतं. आपल्याकडे उरतं, ही शिक्षा कशी?"

त्यांच्याकडे उरतं, ही मला नंतर कळलेली गोष्ट. निम्म्या पैशात घर चालवूनही उरतं. त्यातून गल्लीतल्या दोन मुलींची नर्सिंगच्या अभ्यासाची फी जाते. हे आपाने मला सांगितलं, त्यांनी नाही. सकाळी ओट्यावर बसून ते मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतात. सामानाचे पैसे घेतात, हाताचे नाही. शेजारच्या कांबळेवहिनींचा पंचवीस वर्षांचा पंखा त्यांनी तीनदा जिवंत केला आहे. दहावीत नापास झालेली चार-पाच मुलं त्यांच्याकडे वायरिंग शिकून बाहेर पडली. त्यातला एक आता स्वतःच्या गाडीतून येतो आणि आपल्या उस्तादांकडे गाडी नाही म्हणून त्याला वाईट वाटतं.

अर्थशास्त्राची मंडळी इथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. सगळेच असे राहू लागले तर बाजाराचं काय? विजापूर वेशीत बांगड्या, अत्तर, शेवया, चपला विकणाऱ्या माणसाची वर्षाची कमाई या एका महिन्यात होते. तो विकणारा काही मोठा भांडवलदार नाही. माझ्याच विद्यार्थ्यांचे बाप तिथे हातगाड्या लावतात. आपलं सोलापूरच चादरी-टॉवेल विकून जगणारं गाव. लोकांनी घेणं थांबवलं तर माग थांबतील. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. इतकं मात्र दिसतं की दुल्हेभाईंचा खर्च थांबलेला नाही, त्याने गल्ली बदलली आहे. तो शिंप्याकडे, चांभाराकडे, शाळेच्या फीकडे, घरकामाच्या बाईकडे जातो. हप्त्यावर घेतलेल्या फोनच्या पैशातला मोठा हिस्सा तर सोलापुरात थांबतही नाही. मीना बाजारात फिरून मुलीसाठी दोन डझन बांगड्या घेण्याला इसराफ म्हणायला माझी जीभ वळणार नाही. त्याच रात्री मोबाइलवर मागवलेल्या आणि ईदनंतर कपाटात पडून राहिलेल्या चौथ्या ड्रेसला मी म्हणेन.

उर्दूच्या वर्तुळात या विषयावर बोलताना हसरत मोहानींची आठवण निघतेच. 'निकाह' चित्रपटात गुलाम अलींनी गायलेल्या गझलमुळे हसरत घरोघरी पोहोचले, पण ते टिळकांना आपला नेता मानणारे जहाल राजकारणी होते, हे मराठी वाचकांना क्वचित सांगितलं जातं. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली होती. पुढे घटना समितीचे सदस्य झाले तेव्हाही ते सरकारी निवासस्थानात राहत नसत. मशिदीत उतरत, भत्ता घेत नसत आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून प्रवास करत. स्वदेशीच्या चळवळीत तर त्यांनी स्वतः दुकान चालवलं होतं. म्हणजे या साध्या माणसाला बाजाराचं वावडं नव्हतं. आपण काय विकत घेतो यात आपलं राजकारण असतं, असं ते मानत. माझ्या शेजारच्या जैन काकूंच्या घरी परिग्रहाची मर्यादा ठरवून घेण्याचं व्रत आहे, इतकी वस्त्रं, इतकी भांडी, त्यापुढे नाही. त्यांची आणि आपाची ओळख करून दिली तेव्हा दोघी तासभर फक्त भांड्यांवर बोलत होत्या.

तरीही हा साधेपणा सगळ्यांना सांगायची गोष्ट नाही. आमच्या घरी धुण्याला येणाऱ्या मावशी दुपारी विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी. त्यांच्या घरात एक पंखा, एक कपाट, ईदला नातवाला एक ड्रेस. दुल्हेभाईंची आणि त्यांची यादी शेजारी ठेवली तर फार फरक दिसणार नाही. पण दुल्हेभाईंच्या यादीखाली पेन्शन आहे, फेडलेलं घर आहे, आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आहे. मावशींच्या यादीखाली काही नाही. त्यांच्यासमोर कनाअतवर वाअज करणारा माणूस मला आवडत नाही, मग तो आमचा मौलाना असो की तुमचा महाराज. मावशींना आणखी हवं आहे आणि मिळायला हवं. गेल्या रमजानमध्ये आम्ही दिलेल्या जकातीतून त्यांनी शिलाई मशीन घेतली. ती वस्तू घरात आली तेव्हा त्या जितक्या खूश झाल्या, तितकं कुठलीही वस्तू घेऊन मी गेल्या दहा वर्षांत झालेली नाही.

आता माझी स्वतःची अडचण. मी ४६ वर्षांची आहे. नोकरीला २००८ मध्ये लागले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर, त्यामुळे जुनी पेन्शन नाही. दुल्हेभाईंसारखं उद्या उठून घरी बसणं मला जमणार नाही. कॉलेजात साठीपर्यंत काम करावं लागेल, असंच धरून चालले होते. पण आम्ही सध्या राहतो ते दोन खोल्यांचं घर आमचं आहे, कर्ज फिटलेलं. मोठी मुलगी दोन वर्षांत कमावती होईल. मागच्या महिन्यात मी आणि माझ्या यजमानांनी हिशोब केला. आहे तसेच राहिलो तर पंचावन्नाव्या वर्षी मला नोकरी सोडता येईल. फार ऐषारामात नाही, पण येईल. मला गल्लीतल्या मुलींना शिकवायचं आहे, आणि अब्बांच्या उर्दू शिक्षक पिढीच्या आठवणी मराठीत आणायच्या आहेत. त्या सांगणारे लोक दरवर्षी कमी होत चालले आहेत.

आणि याच सुमारास जुळे सोलापुरात तीन बेडरूमचा एक फ्लॅट समोर आला आहे. ईदनिमित्त बिल्डरने सवलत दिली आहे. यजमानांना तो हवा आहे, मुलांना तर हवाच आहे. धाकट्याने आपली खोली कुठली, तेही ठरवून ठेवलं आहे. त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. दोन खोल्यांत चार माणसं आणि माझी पुस्तकं, यात अभ्यासाला बसायला कोपरा उरत नाही. मुलीची बारावी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होताना पाहिली आहे. पण त्या फ्लॅटचे हप्ते माझ्या साठीपर्यंत जातात. म्हणजे बेडरूम घ्यायची की ती पाच वर्षं, असा सरळ सौदा आहे, आणि दोन्ही बाजूंना माझंच माणूस उभं आहे.

दुल्हेभाईंना मी विचारलं. वाटलं होतं, ते लगेच नको म्हणतील. ते म्हणाले, "मी माझ्या घरात एकट्याने ठरवलं होतं. त्याचं काय झालं, तुला माहीत आहे. तू तुझ्या घरच्यांसोबत बसून ठरव."

तर येत्या रविवारी आम्ही चौघं बसणार आहोत. जकातीचा हिशोब मांडायचाच आहे, अब्बांची लाल वही आता माझ्याकडे असते. धाकट्याला पहिल्यांदाच त्यात बसवणार आहे, त्याच्या गल्ल्यातल्या ईदीसकट. मुलीला सोनाराकडून आजचा चांदीचा भाव विचारून यायला सांगितलं आहे. फ्लॅटचं ब्रोशर यजमानांनी आधीच वहीत खोचून ठेवलं आहे. मी ते काढलेलं नाही.